शंका-समाधान : खुलभर दूध, पालथे बेलपान आणि अर्धी प्रदक्षिणा

यंदा (२०२६ मध्ये) ज्येष्ठ अधिक आल्यामुळे श्रावण लांबला असून तो १३ ऑगस्टला सुरू होत आहे, आणि १७, २४ व ३१ ऑगस्ट तसेच ७ सप्टेंबर असे चार सोमवार त्यात येत आहेत. त्यानिमित्ताने महादेवाच्या पूजेसंबंधी जी पत्रे आली, त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे. बहुतेक पत्रे पुण्यातीलच आहेत. ओंकारेश्वर, अमृतेश्वर, नागेश्वर, वृद्धेश्वर-सिद्धेश्वर, पाताळेश्वर अशी देवळे ज्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहेत, त्यांना असे प्रश्न गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे असतानाच पडतात.

*प्रश्न : गेल्या श्रावणात शेवटच्या सोमवारी आमच्या भागातील महादेवाच्या देवळात सहकुटुंब गेलो होतो. गाभाऱ्यात घोटाभर दूध साचले होते आणि त्यात फुले, पाने, अगरबत्तीच्या काड्या तरंगत होत्या. माझी सून म्हणाली, ‘बाबा, एवढ्या दुधात किती मुलांची पोटे भरली असती!’ मी तिच्यावर रागावलो, पण तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. दुधाचा अभिषेक करावा की करू नये? – एक वाचक, कोथरूड*

उत्तर : आपल्या सूनबाईंनी विचारलेला प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. श्रावणी सोमवारी घरोघरी वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी आपण लहानपणी ऐकली असेल; ती आज पुन्हा एकदा सावकाश वाचावी, अशी माझी विनंती आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात येते, दवंडी पिटली जाते, आणि धाकाने सगळे गाव घरातले सगळे दूध घेऊन देवळात येते. वासरांना पाजलेले नसते, मुलांना दिलेले नसते. सगळे दूध ओतूनही गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरच्या मुलाबाळांना खाऊ घातलेले असते, लेकीसुनांना न्हाऊ घातलेले असते, गाईवासरांना चारा घातलेला असतो, आणि मग उरलेले खुलभर दूध, चार तांदळाचे दाणे व बेलाची पाने घेऊन ती आलेली असते. तिच्या त्या खुलभर दुधाने गाभारा भरतो. राजा विचारतो तेव्हा ती त्याला स्पष्ट सांगते की, तुझ्या हुकुमामुळे गावातली वासरे आणि लेकरे तळमळली, म्हणून गाभारा भरला नाही. म्हणजे ‘आधी लेकरांना, मग देवाला’ हे म्हणणे देवधर्माच्या विरोधात नसून सोमवारच्या कहाणीनेच ते सांगून ठेवले आहे. सूनबाईंना आपण हे जरूर सांगावे, आणि रागावल्याबद्दल दोन शब्द बोलावेत, हेही वडीलकीच्या नात्याने सुचवतो.

दुधाचा अभिषेक करूच नये, असा याचा अर्थ मात्र नाही. ‘अलंकारप्रियो विष्णुः अभिषेकप्रियः शिवः’ हे वचन सर्वपरिचित आहे. पण अभिषेकाचे मुख्य द्रव्य पाणी आहे. पिंडीवर टांगलेल्या तांब्याच्या अभिषेकपात्राला बारीक छिद्र असते आणि त्यातून थेंब थेंब पाणी अखंड पडत राहते. जुनी माणसे त्याला गळती म्हणत, आणि वैशाखाच्या उन्हात ती मुद्दाम बांधत. महादेवाला काय आवडते हे त्या थेंबांकडे पाहून कळावे. दूध, दही, तूप, मध आणि साखर या पंचामृताचे स्नान पळीपळीने घालायचे असते, आणि प्रत्येक द्रव्यानंतर शुद्ध पाण्याचे स्नान असतेच. पळीभर दुधाने विधी पूर्ण होतो. पिशवीभर दुधाने तो अधिक पूर्ण होत नाही.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. आपल्याकडील बहुतेक पिंडी काळ्या पाषाणाच्या आहेत. दूध-तुपातील स्निग्धांश दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतो, त्यावर चिकट थर बसतो, तो काढण्यासाठी पिंड चोळावी लागते आणि चोळण्याने दगड झिजतो. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या पिंडीची झीज थांबावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, आणि १ सप्टेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने भाविकांना पिंड चोळण्यास मनाई केली. आपल्या गल्लीतील पिंडीसाठी कोणी न्यायालयात जाणार नाही. तिची काळजी आपणच घ्यायला हवी.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका मंगळवारी पहाटे मी एका देवळात गेलो असता तेथील गुरव गोमुखात, म्हणजे अभिषेकाचे पाणी बाहेर जाते त्या तोंडात, हात घालून काहीतरी काढत होते. दुधाच्या पिशव्या दातांनी फाडल्यावर उरणारे प्लॅस्टिकचे ते छोटे त्रिकोणी कोपरे होते. ओंजळभर निघाले. गोमुख तुंबले होते, म्हणून आदल्या दिवशी गाभाऱ्यात दूध साचले होते. तेव्हा आपण जाल तेव्हा घरूनच वाटीत किंवा लहान लोटीत दूध न्यावे (तांब्याच्या भांड्यात दूध नेऊ नये, हे आजीच्या काळापासून चालत आलेले शास्त्र आहे), पळीभर वाहावे, वर तांब्याभर पाणी घालावे, आणि उरलेले दूध देवळाबाहेर ज्याला हवे त्याला द्यावे.

*प्रश्न : पिंडीवर हळदकुंकू, तुळस आणि केवडा वाहू नये असे सांगतात. आमच्या सासूबाई मात्र हळदकुंकू वाहत असत. खरे काय? – एक भगिनी, सदाशिव पेठ*

उत्तर : पिंडीवर भस्म आणि पांढरे गंध लावण्याची रूढी आहे, हळदकुंकू शाळुंकेला, म्हणजे पिंडीखालच्या बैठकीला, देवीच्या भागाला लावतात. आपल्या सासूबाई बहुधा तसेच करीत असाव्यात. केवड्याच्या बाबतीत कथा अशी की, ब्रह्मदेवाने शिवलिंगाचा शेंडा पाहिल्याची खोटी साक्ष केतकीने दिली, म्हणून ती पूजेतून वर्ज्य झाली. तुळस एरवी वाहत नाहीत, पण कार्तिकातल्या वैकुंठ चतुर्दशीला हरिहरभेट असते, आणि त्या रात्री महादेवाला तुळस व विष्णूला बेल वाहतात. वर्षातून एकदा दोन्ही देव एकमेकांचे आवडते पान घेतात, ही कल्पना मला फार गोड वाटते.

*प्रश्न : बेल सोमवारी तोडू नये म्हणतात, मग सोमवारी वाहायचा कोठून? पान उलटे वाहावे की सुलटे? – एक वाचक, हडपसर*

उत्तर : सोमवार, चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या आणि संक्रांत या दिवशी बेल तोडू नये, असे सांगितले आहे. म्हणजे ज्या दिवशी बेलाची सर्वांत जास्त गरज असते, तो सोमवार आणि शिवरात्रीची चतुर्दशी, नेमक्या त्याच दिवशी झाडाला हात लावायचा नाही. बेल आदल्या दिवशी आणून ओल्या फडक्यात ठेवावा. तो शिळा होत नाही. इतकेच नव्हे, नवे पान मिळाले नाही तर वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो, अशी मुभा आहे. सोमवारी सकाळी देवळाबाहेर जुड्या विकत मिळतात, त्यांत बेलाच्या कोवळ्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या असतात. आपल्याला तीन पाने लागत असतील, तर जुडी चार घरांत वाटून घ्यावी.

पान त्रिदल असावे, फाटलेले किंवा किडीने खाल्लेले नसावे. ते पालथे वाहावे, म्हणजे त्याची गुळगुळीत बाजू पिंडीला टेकेल आणि शिरा वर राहतील. बोटांनी दोन्ही बाजू चाचपून पाहिल्या की फरक लगेच कळतो.

*प्रश्न : या वर्षी आम्ही महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला रविवारी केली. नात्यातील काहींनी १६ तारखेला सोमवारी उपास धरला, कारण त्या दिवशी सूर्योदयाला चतुर्दशी होती आणि वारही महादेवाचा होता. कोणाचे बरोबर? – एक वाचक, धनकवडी*

उत्तर : आपले बरोबर आहे. बहुतेक व्रतांना सूर्योदयाची तिथी पाहतात, त्यामुळे नातेवाइकांचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. पण महाशिवरात्र हे रात्रीचे व्रत आहे, आणि त्यासाठी निशीथकाळी, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास, चतुर्दशी असलेली रात्र घेतात. या वर्षी माघ वद्य चतुर्दशी १५ फेब्रुवारीला सायंकाळी पाचच्या सुमारास लागली आणि १६ तारखेला सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपली. मध्यरात्री चतुर्दशी होती ती १५ तारखेलाच. सोमवारच्या रात्री अमावास्या लागलेली होती. वार पाहून हे व्रत ठरत नाही.

रात्रीचे चार प्रहर मानून प्रत्येक प्रहरी एक पूजा, अशी यामपूजेची पद्धत आहे. पुण्यात दिवसभर रांगा असतात, आणि रात्री अकरानंतर मात्र अनेक लहान देवळे शांत असतात. ज्यांना झेपेल त्यांनी मधल्या रात्रीच्या पूजेला एकदा तरी जाऊन बसावे. दिव्याच्या उजेडात ओल्या पिंडीवर पळीतले पाणी पडताना त्याचा जो आवाज ऐकू येतो, तो दिवसाच्या गर्दीत कधी ऐकू येत नाही. उपासाला कवठ जरूर आणावे. त्या दिवशी महादेवाला कवठ वाहण्याची चाल आहे, आणि नंतर गूळ घालून केलेली कवठाची चटणी हा त्या ऋतूचाच प्रसाद आहे.

*प्रश्न : इंदूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा श्रावण आमच्या आधीच सुरू होतो. असे का? – एक भगिनी, औंध*

उत्तर : आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. त्यामुळे आपल्या आषाढाचा वद्य पक्ष हा त्यांच्या श्रावणाचा पहिला पंधरवडा असतो. यंदा १७ आणि २४ ऑगस्ट हे सोमवार दोघींनाही सामायिक आहेत.

*प्रश्न : वास्तुशांतीनंतर घरी लघुरुद्र करावा असे वडिलांच्या मनात आहे. एका संयोजकाने तीन गुरुजी पाठवून पाऊण तासात लघुरुद्र पूर्ण करून देतो असे सांगितले. आम्हाला यातील काहीच कळत नाही, तरी मार्गदर्शन करावे. – एक वाचक, वाकड*

उत्तर : यात समजून घेण्यासारखा हिशेब सोपा आहे. रुद्र या वैदिक स्तोत्राचे दोन भाग आहेत, नमक आणि चमक, आणि दोहोंत प्रत्येकी ११ अनुवाक, म्हणजे लहान खंड आहेत. नमक ११ वेळा म्हणायचे आणि प्रत्येक आवर्तनानंतर चमकाचा एकेक अनुवाक म्हणायचा, म्हणजे एक एकादशनी होते. अशा ११ एकादशन्या म्हणजे लघुरुद्र, अर्थात नमकाची १२१ आवर्तने. ११ लघुरुद्रांचा महारुद्र (१,३३१ आवर्तने) आणि ११ महारुद्रांचा अतिरुद्र (१४,६४१ आवर्तने) होतो. लघुरुद्राला ११ गुरुजी बसतात ते यासाठीच. प्रत्येकाने एकेक एकादशनी म्हटली की संख्या पूर्ण होते, आणि त्याला साधारण दीड-दोन तास लागतात. तीन गुरुजींना प्रत्येकी ४० आवर्तने करावी लागतील. ती पाऊण तासात होऊ शकत नाहीत. जे होईल त्याला लघुरुद्र म्हणता येणार नाही.

अकरा गुरुजींची दक्षिणा आणि व्यवस्था परवडत नसेल तर त्यात कमीपणा मानू नये. एका गुरुजींना बोलावून एकादशनी करावी, आणि ती चालू असताना घरातील सर्वांनी फोन बाजूला ठेवून शेवटपर्यंत बसावे. वडिलांना तेच अधिक आवडेल असे मला वाटते. बसल्यावर निदान काय चालले आहे एवढे कळावे म्हणून सांगतो. नमकात रुद्राला जे नमस्कार आहेत, त्यांत सुतार, रथ घडवणारे, कुंभार आणि लोहार यांच्या रूपातील रुद्रालाही नमस्कार आहे. चोरांच्या अधिपतीलासुद्धा आहे. ‘नमः शिवाय’ हे आपल्या तोंडी बसलेले शब्द त्याच नमकाच्या आठव्या अनुवाकातले आहेत. चमकात मागणे आहे. तेथे भक्त मागतो ते अगदी घरातले असते. भात, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर असे एकेक धान्याचे नाव घेऊन ‘च मे’, म्हणजे ‘हेही मला मिळो’, असे म्हटले आहे. आपल्या नव्या घराच्या स्वयंपाकघरात त्याच धान्यांचे डबे भरलेले असतील.

*प्रश्न : माझ्या मुलीच्या लग्नाला दोन वर्षे झाली. पहिल्या वर्षी तिने शिवामूठ वाहिली, पण दुसऱ्या वर्षी कामानिमित्त परदेशी असल्याने राहून गेली. आता व्रत मोडले का? आणि पाचवा सोमवार नसेल तर सातूचे काय करायचे? – एक माता, नारायण पेठ*

उत्तर : व्रत मोडले असे मानून तिला घाबरवू नये. लग्नानंतरची पाच वर्षे हे व्रत करतात. एखादे वर्ष राहिले तर पुढे एक वर्ष वाढवून पाच पूर्ण करावीत. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग, चौथ्या सोमवारी जव आणि पाचवा आला तर सातू, असा क्रम आहे. २०२४ मध्ये श्रावणात पाच सोमवार होते, तेव्हा सातूची मूठ पडली होती. यंदा २०२५ प्रमाणे चारच आहेत, म्हणून सातूचा प्रश्न येत नाही.

आपण पत्रात विचारले नाही, तरी एक गोष्ट लिहितो. शिवामुठीची कहाणी नावडत्या सुनेची आहे. सासरी तिला उष्टे अन्न, जाडेभरडे नेसू आणि गुराखीपण मिळते, आणि मूठ वाहताना ती म्हणते की, सासू-सासऱ्या, दिरा-भावा, नणंदा-जावा आणि भ्रताराला नावडती आहे ती आवडती कर रे देवा. हे मागणे जिने पहिल्यांदा केले, तिच्या दुःखाकडे डोळेझाक करून केवळ धान्याचा क्रम पाठ करणे मला बरोबर वाटत नाही. म्हणून आपल्या घरी सून असेल तर या श्रावणात कहाणी सासूने वाचावी आणि सुनेने ऐकावी. तांदूळ, तीळ, मूग आणि जव ही चारही धान्ये वर सांगितलेल्या चमकात आहेत. वैदिक मंत्रातले मागणे आणि सासुरवाशिणीची मूठ यांत तेच धान्य असावे, हे लक्षात आल्यापासून मी ती मूठ अधिक आदराने पाहतो.

वाहिलेले धान्य पाण्यात टाकू नये. देवळात ते गोळा करण्याची व्यवस्था असेल तेथे द्यावे, नाहीतर घरीच ताम्हणात पिंडीपुढे वाहून गरजूंना द्यावे.

*प्रश्न : महादेवाला अर्धी प्रदक्षिणा का घालतात? आमच्या देवळात गोमुखावर फरशी घातली आहे, तेथून पलीकडे गेले तर चालेल का? – एक वाचक, सिंहगड रस्ता*

उत्तर : पिंडीवरचे अभिषेकाचे पाणी शाळुंकेतून ज्या वाटेने बाहेर जाते, तिला सोमसूत्र म्हणतात. ते बहुधा उत्तरेकडे असते. ते तीर्थ असल्यामुळे ओलांडायचे नाही, एवढाच नियम आहे, आणि त्यामुळे प्रदक्षिणा अर्धी होते. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर नंदीपासून निघून दक्षिण व पश्चिम बाजूने गोमुखापर्यंत जावे आणि आलेल्या वाटेने परत नंदीशी यावे. सोमसूत्र गवताने, लाकडाने, पानांनी किंवा दगडाने झाकलेले असेल तर ते ओलांडण्यास हरकत नाही, असेही वचन आहे. तेव्हा आपल्या देवळातील फरशीवरून कोणी गेले तर त्याला हटकू नये. गर्दीच्या दिवशी मात्र परत फिरणारे आणि पुढे जाणारे समोरासमोर येऊन वृद्धांना धक्के बसतात. त्या दिवशी नंदीच्या शिंगांमधून दर्शन घेऊन, कासवाला नमस्कार करून बाहेर पडणे अधिक योग्य होय.

*प्रश्न : पूजेचा वाळलेला बेल आम्ही पिशवीत भरून नदीत सोडतो. ते योग्य आहे ना? – एक वाचक, शनिवार पेठ*

उत्तर : नाही. मुठा नदीला आता हे सोसवत नाही, आणि पिशवीसकट सोडणे तर मुळीच योग्य नाही. बेल झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळावा. पिंडीवर वाहिलेल्या वस्तूवर पूजा करणाऱ्याचा हक्क उरत नाही, यावरूनच ‘शिवनिर्माल्य’ हा शब्द सोडून दिलेल्या वस्तूसाठी मराठीत आला. देवळांत ते उचलण्याचा मान परंपरेने गुरवाचा आहे. घरी तो मान आपल्या कुंडीतल्या झाडाला द्यावा.

*प्रश्न : माझे वय ७८ आहे. लग्नानंतर पन्नास वर्षे मी श्रावणी सोमवारी पर्वती चढले. गेल्या दोन वर्षांपासून गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. घराच्या खिडकीतून देवळाचे शिखर दिसते. तेवढ्यावर समाधान मानावे का? – एक आजी, पर्वती पायथा*

उत्तर : शिखराचे दर्शन हे दर्शनच मानले आहे, म्हणून मनात काही किंतू ठेवू नये. पण आपल्याला त्याहून अधिक करता येण्यासारखे आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे देऊळ बांधले ते पंचायतन आहे. मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांच्या लहान देवळांत सूर्य, गणपती, पार्वती व विष्णू. आपण पन्नास वर्षे जेथे गेलात, त्याचीच मांडणी आपल्याला ताम्हणात करता येईल. मध्ये पिंड ठेवावी. नर्मदेतला बाण, म्हणजे नदीत मिळणारा पिंडीसारखा गुळगुळीत दगड असेल तर उत्तम, नसेल तर अंगठ्याच्या पेराएवढी कोणतीही पिंड चालेल. ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती आणि वायव्येला देवी ठेवावी. मूर्ती नसतील तर त्या जागी सुपाऱ्या मांडाव्यात. पिंडीची पन्हळ उत्तरेकडे करावी. खिडकीजवळ, जेथून शिखर दिसते तेथे, खुर्चीत बसून पळीने पाणी घालावे, एक बेलपान पालथे वाहावे, आणि घरात जे कोणी लहान असेल त्याच्या हाताने दुसरे पान वाहवावे.